वासाच्या पेशी मेंदूत जन्मत नाहीत

कोविडमध्ये लाखो लोकांना वास येईनासा झाला आणि त्यांतल्या बहुतेकांना तो काही आठवड्यांत पुन्हा येऊ लागला. इतक्या घरांमध्ये हे घडलं की त्यातलं नवल फारसं कुणाला जाणवलं नाही. एरवी चेतापेशींचा, म्हणजे मज्जासंस्थेतल्या संदेश नेणाऱ्या पेशींचा, नियम फार कडक आहे. चेतापेशी मेली की सहसा तिच्या जागी दुसरी येत नाही. मज्जारज्जू तुटला की पाय लुळे पडतात ते कायमचे. काचबिंदूने डोळ्यामागची नस सुकली की गेलेली नजर परत येत नाही. नाकातल्या वासाच्या चेतापेशी मात्र मरतात आणि पुन्हा उगवतात. पन्नाशी-साठीतही हे चालू असतं.

असं का, हे समजायचं तर गर्भाच्या चौथ्या आठवड्यापर्यंत मागे जावं लागतं. आणखी एका कोड्याचं उत्तरही तिथेच आहे, आणि त्याबद्दल आपल्याकडे घरात सहसा कुणी बोलत नाही. काही मुलांना जन्मापासूनच वास येत नाही आणि पुढे तीच मुलं वयातही येत नाहीत. वासाचा आणि वयात येण्याचा काय संबंध? दोन्हींच्या पेशी एकाच ठिकाणी जन्मतात, आणि ते ठिकाण मेंदूच्या बाहेर आहे. एवढं एक लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं आहे.

## चेहरा तयार होण्याआधी

गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात गर्भ म्हणजे तीन थरांची चपटी चकती असते. सर्वांत वरच्या थराचा मधला पट्टा जाड होतो, त्याच्या कडा उचलल्या जातात, एकमेकींना जुळतात आणि एक नळी तयार होते. या नळीतून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात. थराचा उरलेला भाग नळीवरून पसरतो आणि त्याची त्वचा होते. शाळेच्या पुस्तकातलं चित्र इथे थांबतं: आत मज्जासंस्था, बाहेर कातडी.

त्या चित्रात एक गोष्ट राहून जाते. नळी होणारा पट्टा आणि कातडी होणारा भाग यांच्या सीमेवर, डोक्याकडच्या बाजूला, नालाच्या आकाराची एक अरुंद पट्टी असते. तिच्यातल्या पेशी मेंदूतही जात नाहीत आणि निव्वळ कातडीही होत नाहीत. चौथ्या आठवड्याच्या अखेरीस या पट्टीत जागोजागी जाड ठिपके उठतात. त्यांना प्लॅकोड म्हणतात. एका जोडीतून डोळ्यांची भिंगं घडतात, दुसऱ्या जोडीतून आतला कान, आणि अगदी पुढच्या जोडीतून गंधपडदा, म्हणजे नाकाच्या छताशी असलेला, वास टिपणाऱ्या पेशींचा पातळ थर.

तेव्हा गर्भाची लांबी जेमतेम चार-पाच मिलिमीटर असते. डॉक्टर शेवटच्या पाळीपासून दिवस मोजतात, त्या हिशेबाने हा सहावा आठवडा. पुष्कळ बायकांना आपल्याला दिवस गेले आहेत हे याच सुमारास कळतं. बाळाला अजून चेहरा म्हणावा असं काही नसतं. तोंडाच्या जागी एक खाच, आणि तिच्या वर दोन बाजूंना हे दोन ठिपके. पाचव्या आठवड्यात ठिपके आत दबतात, त्यांचे खळगे होतात. खळग्यांभोवतीच्या कडा फुगून वाढतात आणि त्यांतून नाकपुड्या आणि वरच्या ओठाचा मधला भाग घडतो. म्हणजे वासाच्या पेशींची जागा आधी ठरते आणि नाक नंतर तिच्याभोवती उभं राहतं.

## भिंग व्हायचं की नाक?

सुरुवातीला त्या पट्टीत भिंगाच्या पेशी आणि नाकाच्या पेशी शेजारी-शेजारी, काही ठिकाणी तर मिसळलेल्या असतात. कुणी काय व्हायचं हे कोण ठरवतं?

लंडनच्या किंग्ज कॉलेजातल्या अँड्रिया स्ट्राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये कोंबडीच्या गर्भावर केलेलं काम मला या विषयातलं सर्वांत देखणं काम वाटतं. त्यांनी त्या पट्टीचे तुकडे कापून काढले आणि आजूबाजूच्या पेशींपासून दूर, एकटे वाढवले. पुढे कान होणारा तुकडा असो की नाक होणारा, एकटा पडला की तो भिंगाच्या वाटेला लागला. म्हणजे कुणी काही सांगितलं नाही तर या पेशींचा मूळ कल भिंगाकडेच असतो. नाक व्हायचं तर तो कल मोडावा लागतो, आणि तो मोडण्याचं काम एफजीएफ नावाची प्रथिनं करतात. घडत्या मेंदूच्या पुढच्या कडेकडून ती पाझरतात. ज्या पेशींपर्यंत ती पुरेशी पोहोचतात, त्या भिंगाची वाट सोडून नाकाच्या वाटेला लागतात.

डोळा आणि नाक यांची ही जवळीक उंदरांतही दिसते. पॅक्स६ नावाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या उंदराच्या पिल्लाला डोळे नसतात, आणि नाकही नसतं.

## ठिपक्यातल्या सगळ्याच पेशी चेतापेशी का होत नाहीत?

झाल्या तर घोटाळा होईल. गंधपडद्याला चेतापेशी हव्यात, पण त्यांना आधार देणाऱ्या पेशीही हव्यात, आणि पुढे लागतील तशा नव्या पेशी पुरवणारा साठाही हवा. म्हणून एकाच वेळी थोड्याच पेशींना पुढे जाऊ दिलं जातं.

निवड अशी होते. ठिपक्यातल्या पेशींमध्ये एएससीएल१ नावाचं जनुक जागं होऊ लागतं. हे जनुक म्हणजे चेतापेशी होण्याचा परवाना. ज्या पेशीत ते किंचित जास्त जागं होतं, ती आपल्या पृष्ठभागावर डेल्टा नावाचं प्रथिन मांडते. शेजारच्या पेशीवर नॉच नावाचं प्रथिन असतं. डेल्टा नॉचला भिडलं की शेजारणीचं एएससीएल१ दाबलं जातं. एक पेशी पुढे जाते, भोवतालच्या थांबतात आणि साठ्यात राहतात. पुढे गेलेल्या पेशीत मग न्यूरोजेनिन आणि न्यूरोडी ही जनुकं क्रमाने जागी होतात आणि ती खरीखुरी चेतापेशी बनते. नॉचची ही आडकाठी काढून टाकली तर पेशी घाईने एकदम चेतापेशी होतात आणि साठा संपतो.

एएससीएल१ नसेल तर? १९९३ मध्ये हे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले गेले. त्यांच्या गंधपडद्यात आधार देणाऱ्या पेशी होत्या, पण वासाच्या चेतापेशी जवळजवळ नव्हत्याच.

## मुंबईतल्या माश्यांचं काय काम?

एएससीएल१ हे जनुक उंदरात सापडण्याआधी त्याचा भाऊबंद फळमाशीत माहीत होता. फळमाशी म्हणजे पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारी चिलटाएवढी माशी. तिच्या अंगावर केसांसारखे संवेदी काटे असतात. ज्या जनुकांच्या बिघाडाने हे काटेच उगवत नाहीत, त्याच घराण्यातलं एक जनुक आपल्या नाकात वासाच्या पेशींना परवाना देतं.

या कथेत मुंबईचा वाटा मोठा आहे आणि तो मराठी वाचकांना पुरेसा माहीत नाही, याची मला खंत वाटते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, ओबेद सिद्दिकी यांनी १९६० च्या दशकात रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. पुढे ते फळमाशीच्या वास आणि चवीकडे वळले. मूळ गोव्याच्या कुटुंबातल्या, केनियात जन्मलेल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज त्यांच्याकडे पीएचडीसाठी आल्या. इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची काचनळी, एका फाट्यात वास, दुसऱ्यात साधी हवा. माश्या कुठल्या फाट्यात जातात ते मोजायचं, आणि ज्यांना वास कळत नाही अशा वेगळ्या काढून त्यांच्यातलं बिघडलेलं जनुक शोधायचं. दोघांचा या कामावरचा निबंध १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. सस्तन प्राण्यांतली वासाची जनुकं सापडायला तेव्हा अजून तेरा वर्षं होती.

रॉड्रिग्ज पुढे माशीच्या मिशीवर वासाच्या पेशी कशा घडतात याकडे वळल्या. अटोनल नावाचं जनुक तिथल्या काही वासाच्या अवयवांना परवाना देतं, हे त्यांच्या गटाने १९९७ मध्ये दाखवलं. न्यूरोजेनिन हे अटोनलच्याच नात्यातलं.

माशीच्या मिशीवरून माणसाच्या नाकाबद्दल बोलणं कितपत बरोबर, असा प्रश्न इथे येतोच. दोन्ही अवयव वेगळे आहेत. वास पकडणारी प्रथिनंही वेगळ्या घराण्यांतली आहेत. पण चेतापेशी कुणी व्हायचं हे ठरवणारी जनुकं आणि शेजाऱ्याला थांबवण्याची नॉचची पद्धत दोन्हींकडे आहे. माशीकडून आपण हीच पद्धत शिकलो.

## चारशेतून एक

चेतापेशी झाली, पण तिने कोणता वास टिपायचा? वासाचे रेणू पकडणाऱ्या प्रथिनाला ग्राही म्हणतात. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी ग्राहींची जनुकं १९९१ मध्ये शोधली आणि २००४ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. उंदरात अशी हजारावर जनुकं आहेत. माणसात चालू स्थितीतली सुमारे चारशे, आणि जवळपास तेवढीच मोडून पडलेली.

प्रत्येक चेतापेशीच्या केंद्रकात ही सगळी जनुकं असतात, तरी ती त्यांतलं एकच वापरते. आईकडून आलेली एक प्रत आणि वडिलांकडून आलेली एक, यांतलीही एकच. आधी पेशी सगळी ग्राही-जनुकं घट्ट गुंडाळून बंद करते. मग डीएनएवरचे काही खास तुकडे, जे निरनिराळ्या गुणसूत्रांवर विखुरलेले असतात, ते केंद्रकात एका ठिकाणी गोळा होतात आणि त्यांच्या घोळक्याशी जे जनुक जोडलं जातं ते उघडतं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या स्टाव्ह्रोस लोमव्हार्दास यांच्या गटाने हे उलगडलं. या तुकड्यांना त्यांनी ग्रीस देशातल्या बेटांची नावं दिली आहेत. एक ग्राही तयार होऊ लागला की पेशीला तशी खूण मिळते आणि ती बाकीच्यांचा मार्ग बंद करते. ही निवड एका दमात होत नाही. अर्धवट वाढलेल्या चेतापेशी काही काळ एकाहून अधिक ग्राही थोडे-थोडे बनवत असतात, हे लिंडा बक यांच्याच गटाने २०१५ मध्ये एकेक पेशी तपासून दाखवलं.

हा घोळका पुढे कोविडच्या संदर्भात पुन्हा येणार आहे.

## हाडाला भोकं कोण पाडतं?

नाकाचं छत आणि मेंदू यांच्यामध्ये हाडाची पातळ पट्टी असते आणि तिला बारीक बारीक भोकं असतात. वासाच्या चेतापेशीचा लांब तंतू या भोकांतून वर जातो आणि मेंदूच्या खालच्या अंगाला असलेल्या गंधकंदाला भेटतो. हे पहिल्यांदा ऐकलं की वाटतं, एवढे नाजूक तंतू, शरीरातल्या सर्वांत बारीक तंतूंपैकी, हाडाला भोक कसं पाडत असतील?

ते पाडत नाहीत. घराचा स्लॅब ओतण्याआधी इलेक्ट्रिशियन येऊन लोखंडी सळयांवर वायरिंगचे पाईप बांधून जातो आणि मग काँक्रीट पडतं. इथेही क्रम तोच. तंतू निघतात तेव्हा मध्ये हाड नसतंच, मऊ ऊती असते. तंतू मेंदूपर्यंत पोहोचतात, आणि मग त्यांच्या जुड्यांभोवती आधी कूर्चा आणि बऱ्याच उशिरा हाड तयार होतं. जिथून तंतू गेले तिथे भोक राहतं.

मेंदूपाशी पोहोचल्यावरची शिस्त तर थक्क करणारी आहे. गंधपडद्यावर एकच ग्राही असलेल्या पेशी इकडे-तिकडे विखुरलेल्या असतात, पण त्यांचे तंतू गंधकंदातल्या ठरलेल्या एक-दोन गोळ्यांमध्ये येऊन मिळतात. एका पेशीतलं ग्राहीचं जनुक बदलून दुसरं घातलं तर तिचा तंतू वेगळ्याच गोळ्याकडे जातो, हे १९९६ मध्ये उंदरात दाखवलं गेलं. ग्राही वास तर पकडतोच, तंतूने कुठे जायचं हे ठरवण्यातही त्याचा हात असतो.

## वास नसणं आणि वयात न येणं

आता त्या मुलांकडे येऊ.

वयात येण्याचा पहिला इशारा मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागातून येतो. तिथल्या थोड्या चेतापेशी, फार तर काही हजार, जीएनआरएच नावाचं संप्रेरक सोडतात. ते पीयूषिका ग्रंथीला जागं करतं, पीयूषिका अंडाशयांना किंवा वृषणांना. एवढ्या मध्यवर्ती कामाच्या पेशी मेंदूतच जन्मत असतील असं कुणालाही वाटेल. १९८९ मध्ये मार्लिन श्वान्झेल-फुकुदा आणि डोनाल्ड फाफ यांनी उंदरांच्या गर्भात त्यांचा माग काढला, तर त्या सापडल्या नाकाच्या ठिपक्यापाशी. वयाने वाढलेल्या गर्भात त्या वासाच्या तंतूंच्या वाटेवर होत्या. आणखी वाढलेल्या गर्भात मेंदूत. म्हणजे या पेशी नाकापाशी जन्मतात आणि वासाच्या तंतूंना धरून चालत मेंदूत जातात.

त्याच वर्षी त्यांनी एकोणीस आठवड्यांच्या एका मानवी गर्भाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या गर्भाला काल्मान सिंड्रोम होता. हा विकार १९४४ मध्ये फ्रान्झ काल्मान यांनी कुटुंबांमध्ये वर्णन केला होता: वास नाही आणि लैंगिक वाढ नाही. गर्भात त्यांना दिसलं की जीएनआरएच पेशी तयार झाल्या होत्या, नाकातून निघाल्याही होत्या, पण मेंदूच्या आवरणापाशी अडकून पडल्या होत्या. मेंदूत एकही नव्हती. वासाचे तंतूही तिथेच गुंतले होते. वाट मोडली आणि त्या वाटेने जाणारे दोघेही अडकले.

१९९१ मध्ये एक्स गुणसूत्रावरचं एक जबाबदार जनुक सापडलं, आता त्याला अ‍ॅनॉस१ म्हणतात. मुलग्यांना एकच एक्स असल्यामुळे त्याचा बिघाड त्यांच्यात थेट दिसतो. नंतर आणखी बरीच जनुकं सापडली. त्यांत एफजीएफ८ आणि त्याचा संदेश झेलणारं एफजीएफआर१ आहेत. नाक आणि भिंग यांत निवड करणारं एफजीएफ ते हेच.

इथे थोडं थांबून सांगायचं आहे. सोळा वर्षांचा मुलगा, आवाज फुटलेला नाही, दाढी-मिशीचा पत्ता नाही. घरचे म्हणतात, आमच्याकडे उशिराच होतं, याच्या काकाचंही असंच होतं. पुष्कळदा ते खरंही असतं. पण या मुलाला 'तुला वास येतो का?' हा प्रश्न कुणी विचारत नाही. तो स्वतः सांगत नाही, कारण वास म्हणजे काय हेच त्याला कधी कळलेलं नसतं. भात करपला की इतरांना न बघता कसं कळतं, याचं त्याला लहानपणापासून कोडं पडलेलं असतं. मुलगी असेल आणि पाळी सुरू झाली नसेल तर हाच प्रश्न तिलाही विचारायला हवा. उत्तर 'नाही' आलं तर उशीर न करता अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञाकडे, म्हणजे एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे, जावं. संप्रेरकं देऊन वाढ घडवून आणता येते, हाडं ठिसूळ होण्यापासून वाचवता येतात, आणि पुढे मूल हवं असेल तर त्यासाठीही पुष्कळांवर उपचार होऊ शकतात. वास मात्र येत नाही. ज्या मुलांना लाजेपोटी विशीपर्यंत डॉक्टरकडे नेलं जात नाही, त्यांची वर्षं विनाकारण जातात.

## पण सगळ्या पेशी खरंच त्या ठिपक्यातून येतात?

हा आक्षेप शास्त्रज्ञांनीच घेतला. नळी मिटताना तिच्या कडेवरून पेशींचा आणखी एक गट सुटतो आणि शरीरभर भटकतो. त्याला न्यूरल क्रेस्ट म्हणतात. चेहऱ्याची हाडं, त्वचेतल्या रंगाच्या पेशी, अशा कितीतरी गोष्टी त्यातून घडतात. नाकातल्या काही पेशीही त्यातूनच येत असतील का?

२०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मारियान ब्रॉनर यांच्या गटाने झेब्राफिशवरच्या कामातून 'हो' असं उत्तर दिलं: वासाच्या चेतापेशींचा एक प्रकार क्रेस्टमधून येतो. झेब्राफिश हा मूळचा आपल्याच उपखंडातल्या ओढ्या-नाल्यांतला पट्ट्यापट्ट्यांचा मासा. त्याचा गर्भ पारदर्शक असतो आणि दिवसभरातच त्यात नाकाचे ठिपके दिसू लागतात. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझच्या पॅट्रिक ब्लेडर यांच्या गटाने हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. पेशींची केंद्रकं चमकतील असे गर्भ त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि तासन् तास चित्रण केलं. मग शेवटच्या चित्रातली एकेक चेतापेशी धरून चित्रण उलटं चालवलं, ती निघाली त्या जागेपर्यंत. वासाच्या चेतापेशी असोत की जीएनआरएच पेशी, माग त्या नालाच्या आकाराच्या पट्टीतच जाऊन पोहोचला. क्रेस्टच्या पेशी ओळखण्यासाठी वापरलेली खूण क्रेस्टमधून न आलेल्या पेशींतही उजळते, म्हणून आधी गफलत झाली, असं त्यांचं म्हणणं.

मला हे उत्तर पटतं, कारण त्यात खुणेवर विसंबणं नाही, प्रत्यक्ष माग आहे. तरी उंदरांवरच्या २०११ च्या एका कामात काही जीएनआरएच पेशी क्रेस्टमधून आल्याचं दिसलं होतं, त्यामुळे सस्तन प्राण्यांपुरता वाद मिटला असं म्हणणं घाईचं होईल. नाकातल्या एका गटाबद्दल मात्र आता शंका उरलेली नाही. वासाच्या तंतूंना लपेटून मेंदूपर्यंत सोबत करणाऱ्या पेशी क्रेस्टमधून येतात, हे २०१० मध्ये दाखवलं गेलं.

## पोटातल्या बाळाला वास येतो?

येतो, शेवटच्या काही महिन्यांत. पहिल्या तिमाहीच्या अखेरीस वासाच्या पेशी दिसायला तयार असतात, पण नाकपुड्यांमध्ये पेशींचे बोळे असतात आणि ते दुसऱ्या तिमाहीत विरघळतात. मग बाळ नाकातून गर्भजल आत-बाहेर करू लागतं, आणि आईच्या जेवणाचा वास त्या पाण्यात उतरलेला असतो. १९९५ च्या एका अभ्यासात लसणाच्या गोळ्या घेतलेल्या गरोदर बायकांच्या गर्भजलाचा वास लोकांना नाकाने ओळखता आला होता. फ्रान्समध्ये २००० साली बडीशेपेसारख्या वासाच्या अॅनिसची गोळी-बिस्किटं गरोदरपणी खाल्लेल्या बायकांची बाळं तपासली गेली. जन्मल्या-जन्मल्या ती बाळं त्या वासाकडे वळत होती. ज्यांच्या आयांनी ते खाल्लं नव्हतं ती बाळं तशी वळत नव्हती.

## मग कोविडने नेमकं काय मोडलं?

गंधपडद्यात गर्भातला तो साठा आयुष्यभर शिल्लक राहतो. पडद्याच्या तळाशी असलेल्या मूलपेशी एएससीएल१ आणि न्यूरोजेनिनच्याच पायऱ्यांनी नव्या चेतापेशी घडवत राहतात. हे आधी प्राण्यांत दिसलं होतं. २०२० मध्ये मोठ्या माणसांच्या नाकातल्या पेशी एकेक करून तपासल्या गेल्या, तेव्हा अर्धवट वाढलेल्या चेतापेशी तिथेही सापडल्या. नाकातली चेतापेशी बाहेरच्या हवेला थेट उघडी असते. धूर, धूळ, जंतू सगळं तिच्यावर येतं. तिला बदली मिळाली नाही तर वास फार दिवस टिकणार नाही.

कोविडच्या विषाणूला आत शिरायला एसीई२ नावाचं प्रथिन लागतं. २०२० मध्ये हार्वर्डमधल्या गटाने दाखवलं की ते वासाच्या चेतापेशींवर नसतंच, आधार देणाऱ्या पेशींवर असतं. आधार देणाऱ्या पेशी मेल्या, पडदा सुजला, आणि चेतापेशी जिवंत असूनही कामाच्या राहिल्या नाहीत. २०२२ मध्ये लोमव्हार्दास यांच्या आणि सोबतच्या गटाने पुढचा दुवा जोडला. विषाणू चेतापेशीत न शिरताही तिच्या केंद्रकातला तो डीएनए तुकड्यांचा घोळका विस्कटतो आणि ग्राहीचं जनुक बंद पडतं. पेशी आहे, पण ग्राही नाही.

पुण्यात आयसर या विज्ञान संस्थेतल्या निक्सन अब्राहम यांच्या गटाने बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाबरोबर २०२० मध्येच वास मोजण्याचं यंत्र वापरून दाखवलं की इतर कोणतंही लक्षण नसलेल्या बाधितांमध्येही वास कमी झालेला सापडतो. पुष्कळांना 'मला वास येतोय' असं वाटत होतं, मोजल्यावर तो उणा निघाला.

ज्यांचा वास महिनोन् महिने परतला नाही, त्यांच्या पडद्यात विषाणू गेल्यावरही संरक्षक पेशींचा दाह चालू असल्याचं २०२२ च्या अभ्यासात दिसलं. दाह चालू असला की मूलपेशींना चेतापेशी घडवता येत नाहीत.

## वासाची नस उगवते, मग मज्जारज्जू का नाही?

तंतूंना लपेटणाऱ्या त्या सोबतीच्या पेशींमुळे हा प्रश्न प्रयोगशाळेत गंभीरपणे घेतला गेला. नाकातल्या या पेशी काढून तुटलेल्या मज्जारज्जूत घालायच्या, म्हणजे तिथलेही तंतू त्यांना धरून वाढतील, अशी कल्पना. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनमध्ये झालेल्या पहिल्या छोट्या चाचणीत ही पद्धत सुरक्षित असल्याचं दिसलं, पण रुग्णांच्या हालचालीत फरक पडला नाही. संशोधन चालू आहे. नाकाला मिळालेली मूलपेशींची जोड मज्जारज्जूला नाही, आणि तिथे जखमेचा व्रण तंतूंना अडवतो. म्हणून मूलपेशींच्या इंजेक्शनने चालायला लावतो अशा जाहिराती करणाऱ्या दवाखान्यांना लाखो रुपये देण्याआधी त्यांची चाचणी नोंदणीकृत आहे का, तिच्यासाठी रुग्णाकडून पैसे का घेतले जात आहेत, हे विचारावं.

वासासाठी मात्र एक साधा, बिनखर्चाचा उपाय आहे. जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये तो प्रसिद्ध केला: गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास रोज दोनदा, सकाळी आणि झोपण्याआधी, लक्ष देऊन हुंगायचे, बारा आठवडे. सगळ्यांना गुण येतो असं नाही, पण काही न करणाऱ्यांपेक्षा करणाऱ्यांत सुधारणा जास्त दिसली. घाई करून उपयोग नसतो. नव्या पेशीला आधी जन्मावं लागतं, चारशेतून एक ग्राही निवडावा लागतो, मग तंतू हाडाच्या भोकातून वर नेऊन गंधकंदात आपला गोळा शोधावा लागतो. मधल्या काळात कॉफीला किंवा फोडणीला सडका वास येणं हे पुष्कळदा तंतू अजून नीट जुळले नसल्याचं लक्षण असतं. आणि वास नसेल तोवर स्वयंपाकघरात गॅस गळतीची सूचना देणारं यंत्र बसवून घ्यावं, कारण सिलिंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेला मर्कॅप्टनचा उग्र वास अशा माणसाला येणार नाही.